चोरी वेगळी, मारामारी वेगळी

समजा, बिरवाडीच्या बाजूचा एक टेम्पोवाला आहे. त्याला नाव द्यायची गरज नाही. कायद्याच्या पुस्तकात अशा माणसाला नुसतं ‘अ’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. जानेवारीत महाड एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्यातून तांब्याची तार गेली आणि ती ‘अ’च्या टेम्पोत सापडली, असं पोलिसांचं म्हणणं आहे. पुढे मार्चमध्ये शिमग्याला हा गडी पोलादपूर तालुक्यात सासुरवाडीला गेला. पालखी आधी कुणाच्या दारात जाणार यावरून बोलाचाली झाली, काठ्या निघाल्या, एकाचा हात मोडला. फिर्यादीत पहिलं नाव ‘अ’चं.

ठाणी दोन, फिर्यादी दोन, साक्षीदार वेगळे, मुद्देमाल वेगळा. एकीकडे तारेची भेंडोळी, दुसरीकडे काठी आणि हाताचा एक्स-रे. पण एसटी स्टँडवर चहा पिणाऱ्या माणसाला ही दोन प्रकरणं दिसत नाहीत. त्याला एकच माणूस दिसतो, आणि त्याचं मत एका वाक्यात तयार असतं : “तो तसलाच आहे.”

हे वाक्य कोर्टाच्या दाराबाहेर ठेवायचं कसं, याची तजवीज आपल्या फौजदारी कायद्याने एका छोट्याशा कलमात केली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत ते २१८वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते २४१वं आहे. प्रत्येक वेगळ्या गुन्ह्यासाठी वेगळा दोषारोप ठेवायचा आणि प्रत्येक दोषारोपाची सुनावणी वेगळी घ्यायची, एवढंच ते सांगतं. कलमाखाली दिलेलं उदाहरणही आपल्या टेम्पोवाल्याचंच म्हणावं असं आहे : ‘अ’वर एका प्रसंगी चोरी केल्याचा आणि दुसऱ्या प्रसंगी जबर दुखापत केल्याचा आरोप आहे, तर चोरीचा खटला वेगळा चालला पाहिजे आणि दुखापतीचा वेगळा. मी त्याला फक्त बिरवाडीत आणून बसवलं.

नियम इतका साधा, तर त्यावर लिहायचं काय, असं वाटेल. पण शंभराहून अधिक वर्षं आपल्याकडची कोर्टं या एका वाक्याच्या अर्थावर भांडत आली आहेत. त्यातलं सगळ्यात गाजलेलं भांडण मुंबईत, लोकमान्य टिळकांच्या खटल्यात झालं. तिकडे वळण्याआधी दोन प्रकरणं एका पानात वाढल्याने आरोपीचं नेमकं काय बिघडतं, ते बघायला हवं.

पहिलं बिघडतं ते पुराव्याच्या वजनाचं. तारेच्या प्रकरणात पंच फुटले, पंचनामा लंगडा निघाला, तर ‘अ’ सुटायला हवा. काठीच्या प्रकरणात साक्षीदार एकमेकांच्या विरुद्ध बोलले, तरीही सुटायला हवा. पण दोन्ही लंगडी प्रकरणं एकाच सुनावणीत आली की ती एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी राहतात. आठ आणे पुरावा इथला, आठ आणे तिथला, आणि मनातल्या मनात रुपया पुरा होतो. हा हिशेब कुणी मुद्दाम करत नाही, तो आपोआप होतो. म्हणून तर आरोपीला आधी झालेली शिक्षाही, ती वाढीव शिक्षेसाठी दोषारोपात नमूद असली तरी, सत्र न्यायालयात तो आताच्या गुन्ह्यात दोषी ठरेपर्यंत वाचून दाखवत नाहीत. वाईट चालचलणूक हा गुन्ह्याचा पुरावा होत नाही, हे १८७२च्या पुरावा कायद्यापासून चालत आलेलं तत्त्व आहे.

दुसरी अडचण लोकांच्या सहसा लक्षात येत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. शिमग्याच्या मारामारीत ‘अ’ला बोलायचं आहे. काठी आधी समोरच्याने उगारली, मी हात आडवा घातला, हे त्याला स्वतः पिंजऱ्यात उभं राहून सांगायचं आहे. आरोपीला स्वतःच्या बाजूने शपथेवर साक्ष देता येते. मात्र दिली की सरकारी वकिलांची उलटतपासणीही सोसावी लागते. तारेच्या प्रकरणात मात्र त्याला गप्प राहायचं आहे. टेम्पो तीन जण चालवतात, तार कुणी ठेवली ते पोलिसांनी सिद्ध करावं, हा त्याचा बचाव. गप्प राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या २०व्या कलमाने दिलेला आहे, आणि न बोलणं म्हणजे कबुली असा अर्थ कोर्टाला काढता येत नाही. आता दोन्ही आरोप एकाच खटल्यात ठेवले तर? एका बाबतीत घडाघडा बोलणारा आणि दुसऱ्या बाबतीत तोंड मिटून बसणारा माणूस ऐकणाऱ्याला कसा दिसेल? शिवाय मारामारीपुरतं बोलायला उभा राहिला, तरी उलटतपासणी तारेपर्यंत पोचणार नाही याची हमी कोण देणार? बोलायचं तर दोन्हीकडे, नाहीतर कुठेच नाही, असा पेच उभा राहतो. अमेरिकेतली कोर्टंही आरोप विलग करण्याच्या अर्जात हा मुद्दा गांभीर्याने बघतात.

आता १९०८ सालाकडे वळू.

मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर ‘केसरी’त काही अग्रलेख आले. त्यांतल्या दोहोंवर सरकारने बोट ठेवलं : १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. टिळकांना २४ जूनला मुंबईत अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी जामीन नाकारला. याच दावरांनी १८९७च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. कोर्टाच्या इतिहासात असे योगायोग बरेच सापडतात, आणि ते सहसा आरोपीच्या कामाला येत नाहीत.

दोन लेखांवरून टिळकांना दोन वेगळ्या प्रकरणांत सेशनकडे पाठवण्यात आलं होतं. १३ जुलैला हायकोर्टात खटला उभा राहिला, तेव्हा दोन्ही प्रकरणं एकत्र चालवावीत अशी मागणी सरकार पक्षाने केली. टिळक स्वतःची बाजू स्वतः मांडत होते. त्यांनी हरकत घेतली. दावरांनी ती फेटाळली आणि तीन आरोपांवर एकच खटला चालला : पहिल्या लेखाबद्दल राजद्रोह, म्हणजे १२४-अ, दुसऱ्या लेखाबद्दल पुन्हा राजद्रोह, आणि त्याच दुसऱ्या लेखाबद्दल दोन वर्गांत वैर पसरवण्याचा १५३-अ.

हा तीनचा आकडा सहज आलेला नाही. तेव्हा १८९८ची संहिता लागू होती. तिच्या २३४व्या कलमात वेगळ्या सुनावणीच्या नियमाला एक अपवाद होता : एकाच जातीचे, बारा महिन्यांच्या आत घडलेले, जास्तीत जास्त तीन गुन्हे एकत्र चालवता येतील. एकाच जातीचे म्हणजे एकाच कलमाखाली तितकीच शिक्षा असलेले. १२ मे आणि ९ जूनचे दोन राजद्रोह या चौकटीत नीट बसतात. पण १५३-अ हे कलमच वेगळं, त्याची शिक्षा वेगळी. ते या दारातून आत येत नाही. त्याला आत घ्यायला शेजारचं २३५वं कलम लागतं : एकाच कृत्यातून दोन गुन्हे घडत असतील तर ते सोबत चालवता येतात. मग प्रश्न उरतो तो असा, की दोन अपवाद एकमेकांना जोडून त्यांचा एक मोठा दरवाजा करता येतो का? एक आरोप या खिडकीतून, दुसरा त्या खिडकीतून, आणि घरात सगळे एकत्र? शिक्षेनंतर प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याची परवानगी मागताना हा मुद्दा पुन्हा निघाला. हायकोर्टाने तो मान्य केला नाही, आणि पुढे प्रिव्ही कौन्सिलनेही दार उघडलं नाही.

कायद्याचा हा कीस बाजूला ठेवून ज्युरीच्या बाकावर काय घडत असेल, ते डोळ्यांपुढे आणा. नऊ जण : सात युरोपीय, दोन पारशी. लेख मराठी, त्यांच्या हातात इंग्रजी भाषांतर. टिळकांचा निम्मा बचाव याच भाषांतराशी झगडण्यात गेला. कोणत्या शब्दाला कोणती छटा आहे, हे मराठी न वाचणाऱ्या माणसांना ते समजावत होते. त्यांचं भाषण एकवीस तासांहून अधिक चाललं. एका लेखातला एखादा शब्द ज्युरीच्या मनात खटकला, तर त्याची सावली दुसऱ्या लेखावर पडणारच. १२ मेच्या लेखाबद्दल शंका आणि ९ जूनच्या लेखाबद्दल खात्री, असं दोन खणांत मन वाटून ठेवणं त्या खोलीत कितीजणांना जमलं असेल? २२ जुलैच्या रात्री निकाल आला : तिन्ही आरोपांवर दोषी, सात विरुद्ध दोन. दावरांनी राजद्रोहाच्या प्रत्येक आरोपासाठी तीन वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली, एकापाठोपाठ एक भोगायची, म्हणजे सहा. १५३-अ साठी हजार रुपये दंड. मंडालेची सहा वर्षं म्हणून आपण जो आकडा शाळेत पाठ केला, तो असा तीन अधिक तीन आहे.

खटले वेगळे चालले असते तर टिळक सुटले असते, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. ज्युरी तशीच निवडली गेली असती आणि सरकारचा इरादाही तोच राहिला असता. पण दोन लेखांसाठी दोन ज्युरी बसवाव्या लागल्या असत्या, आणि प्रत्येकीला एकाच लेखाचं उत्तर द्यावं लागलं असतं. टिळकांनी सुरुवातीलाच हरकत नोंदवली ती नुसता वेळ काढायला नव्हे, हे त्यांची कायद्याची पदवी ठाऊक नसलेल्यालाही कळेल.

त्या हरकतीला ताजा आधारही होता. सातच वर्षांपूर्वी, १९०१ साली, सुब्रह्मण्य अय्यर यांच्या मद्रासकडच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने शिक्षा रद्द केली होती. तिथे दोन वर्षांच्या काळात पसरलेली एक्केचाळीस कृत्यं एकाच दोषारोपात कोंबली होती. कौन्सिलने सांगितलं की ही किरकोळ चूक नाही, हा खटलाच बेकायदा आहे. पुढे बरीच वर्षं वकिलांच्या हातात हे हुकमाचं पान राहिलं. पुरावा कितीही भक्कम असो, आरोपांची मोट चुकीची बांधली गेली असेल तर सगळं फोल.

अर्थात त्याचा गैरफायदाही घेतला गेला. खालच्या कोर्टात चकार शब्द काढायचा नाही, शिक्षा लागली की अपिलात उठून म्हणायचं, आरोप चुकीचे एकत्र केले होते. म्हणून १९५५ साली संहितेत दुरुस्ती झाली. आरोपांची चुकीची जुळणी झाली म्हणून तेवढ्यावर निकाल रद्द होणार नाही, त्यामुळे न्याय बिघडला हे दाखवावं लागेल, असं कलमातच लिहिलं गेलं. त्याच साली विली स्लेनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हीच दृष्टी ठसवली : दोषारोपातल्या चुकीने आरोपीचं खरोखर काही नुकसान झालं का, एवढं पाहा. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये नसीब सिंग विरुद्ध पंजाब या निकालात सुप्रीम कोर्टाने सगळे धागे एकत्र गुंफले. वेगळी सुनावणी हा नियम, एकत्र सुनावणी हा अपवाद. अपवादात बसत असलं तरी एकत्र चालवलंच पाहिजे असं नाही, वेगळं चालवण्याची मोकळीक कोर्टाला आहे. आणि हा निर्णय खटल्याच्या तोंडाशीच घ्यायचा. निकाल काय लागला ते पाहून मागाहून नाही.

अपवाद मात्र भरपूर आहेत, आणि ते असायलाच हवेत. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि सोळा माणसं गेली. अशा प्रकरणात सदोष मनुष्यवध, निष्काळजीपणा, दुखापत अशी कलमांची लांब माळ लागते. बांधकाम करणारा, आराखडा काढणारा, परवानगी देणारा असे आरोपीही अनेक. इथे प्रत्येक कलमाचा खटला वेगळा चालवायचा म्हटलं, तर ढिगाऱ्यातून वाचलेल्या माणसाला तीच रात्र पाच वेळा सांगावी लागेल. म्हणून एकाच व्यवहारात घडलेले गुन्हे एकत्र चालतात. ‘व्यवहार’ या शब्दाची व्याख्या कायद्याने मुद्दामच केलेली नाही. वेळ जवळची आहे का, जागा एक आहे का, हेतू एक आहे का, कृत्यांची साखळी अखंड आहे का, हे कोर्ट बघतं. ‘अ’ने तार चोरली आणि पाठलाग चुकवताना कशेडी घाटात पोलिसाच्या अंगावर टेम्पो घातला, असं असतं तर ती एकच साखळी. जानेवारीतली तार आणि मार्चमधली पालखी यांना जोडणारी कडी मात्र एकच : माणूस तोच. तेवढी कडी कायद्याला पुरत नाही.

पतसंस्थेच्या रोखपालाचा अपवाद तर खास आपल्या मुलखासाठी केल्यासारखा वाटतो. वर्षभरात त्याने दीडशे वेळा हात मारला असेल, तर प्रत्येक नोंदीचा गुन्हा वेगळा मोजत बसत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या तारखेत वर्षापेक्षा जास्त अंतर नसेल, तर एकूण रक्कम धरून तो एकच दोषारोप. आणि एकाच जातीच्या गुन्ह्यांची जी मर्यादा टिळकांच्या वेळी तीन होती, ती नव्या संहितेच्या २४२व्या कलमाने पाच केली. सोय झाली हे खरं. पण पाच चोऱ्यांची यादी एका दमात ऐकणाऱ्या न्यायाधीशापुढे तिसऱ्या चोरीतला कच्चा दुवा किती ठळक राहील, याची मला शंका आहे. कलम एकत्र चालवण्याची परवानगी देतं, सक्ती करत नाही, एवढा दिलासा.

याच्या अगदी उलटा प्रश्नही महाडने पाहिला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे यांनी महाडमध्ये केलेल्या एका वक्तव्यावरून महाड, नाशिक, पुणे अशा ठिकाणी गुन्हे नोंदवले गेले. त्यांना अटक झाली आणि महाडच्या कोर्टाने त्याच रात्री जामीन दिला. तिथे कृत्य एक आणि प्रकरणं अनेक होती, आपल्या टेम्पोवाल्याकडे कृत्यं अनेक आहेत. एकाच घटनेवरून पुन्हा पुन्हा फिर्याद नोंदवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००१ साली टी. टी. अँटनी प्रकरणात सांगितलेलं आहे. दोन्ही बाजूंनी कायदा एकच गोष्ट मोजतो : घटना किती. माणसं किंवा ठाणी तो मोजत नाही.

वेगळी सुनावणी मिळाली म्हणजे दुसऱ्या प्रकरणाचा वारा लागणारच नाही, असंही नाही. १९१५ साली लंडनमध्ये जॉर्ज जोसेफ स्मिथवर एकाच बायकोच्या खुनाचा खटला चालला, पण त्याच्या आणखी दोन बायका तशाच न्हाणीच्या टबात बुडून मेल्याचा पुरावा कोर्टाने आत येऊ दिला. एकदा घडलं तर अपघात म्हणता येईल. तीनदा घडलं तर पद्धत दिसते. कृत्य चुकून झालं की ठरवून, हा वाद असेल तिथे आपल्याकडेही असा पुरावा चालतो. तार आणि काठी यांत पद्धतीचं साम्य नाही, म्हणून ‘अ’ला ही भीती नाही.

मग हे प्रत्यक्षात मागायचं कसं? खरं तर बहुतेक वेळा मागावंच लागत नाही. दोन फिर्यादी म्हणजे दोन दोषारोपपत्रं, दोन नंबर, दोन फायली. त्या आपोआप वेगळ्या चालतात. अडचण येते ती तपास अधिकाऱ्याने सगळं एकाच दोषारोपपत्रात गुंडाळलं तर. उदाहरणार्थ, मारामारीच्या अटकेत झडती घेताना तार सापडली आणि तीही त्याच कागदांत शिरली. अशा वेळी वकिलाने दोषारोप ठेवला जाण्याआधी लेखी अर्ज द्यावा. अर्जावर सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे त्यांचं म्हणणं, येतो, युक्तिवाद होतो, आदेश होतो. अर्जात ‘आमच्यावर अन्याय होईल’ एवढं मोघम लिहून भागत नाही. कोणता साक्षीदार कोणत्या आरोपाशी संबंधित नाही, कुठे बचावाचे दोन धागे एकमेकांना छेदतात, आरोपीला कुठे बोलायचं आहे आणि कुठे नाही, हे नेमकं सांगावं लागतं. साक्षीपुरावा सुरू झाल्यावर जाग आली, तर कोर्ट पहिला प्रश्न विचारणार : इतके दिवस कुठे होता?

तालुक्याच्या गावी आणखी एक व्यावहारिक गंमत होते. फायली वेगळ्या झाल्या तरी त्या एकाच न्यायाधीशापुढे येऊ शकतात. सकाळी तारेचा पुकारा, दुपारी काठीचा, आणि दोन्ही वेळा पिंजऱ्यात तोच चेहरा. निकाल त्या त्या फायलीतल्या पुराव्यावरच द्यायचा, हे बंधन न्यायाधीश पाळतातच असं कायदा गृहीत धरतो. ज्याला ते पुरेसं वाटत नाही, त्याला खटला दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग करण्यासाठी सत्र न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. पण नुसती धास्ती सांगून तो मंजूर होत नाही.

आणि कधीकधी आरोपीलाच वेगळं नको असतं. २४१व्या कलमाला जोडूनच एक सवलत आहे : आरोपीने स्वतः लेखी मागितलं आणि त्याचं नुकसान होणार नाही असं मॅजिस्ट्रेटना वाटलं, तर सगळे आरोप एकत्र चालवता येतात. दोन खटले म्हणजे दोन वकीलपत्रं, दोन वेळा फी, रोजाचे दुप्पट खाडे. ज्याचं पोट त्या टेम्पोवर आहे, त्याला बचावाच्या शुद्धतेपेक्षा हा खर्च आधी दिसतो. त्याला दोष कसा द्यावा?

बहुतेक वकील अशा वेळी मधला रस्ता काढतात. खटले वेगळेच ठेवायचे, पण दोन्ही फायली एकाच न्यायाधीशापुढे असतील तर तोंडी विनंती करायची, की साहेब, आरोपीची रोजंदारी बुडते, दोन्हीकडे एकच तारीख मिळावी. बेंच क्लार्क डायरी उलटतो, पुढच्या महिन्यातला एखादा बुधवार सापडतो, आणि दोन वेगळ्या फायलींवर एकच तारीख पडते.